काले आवजो

दुसरा शनिवार. मेंदू संस्थेचा दुसरा मजला,
एमआरआयच्या पुढची खोली,
जिथे पूर्वी मोडक्या खुर्च्या टाकत.
आता तिथे अकरा माणसं बसतात, शब्द हरवलेली.
भिंतीवर चित्रं: केळं, कुलूप, कंगवा, छत्री.
केळ्याला कोणी "पिवळं" म्हणतं, कोणी "माकड".
पाटणकरबाई न दिसणारा कंगवा केसांतून फिरवतात
आणि आमच्याकडे रागाने बघतात.
आम्ही गुण देतो. अर्धा गुणही देतो.

घोरपडे. सहभागी क्रमांक सतरा.
मांडवीजवळ घड्याळांचं दुकान, चव्वेचाळीस वर्षं.
घरात मराठी, गल्ल्यावर गुजराती.
फेब्रुवारीत डोक्याच्या डाव्या बाजूला
एक बारीक वाहिनी तुंबली,
आणि घर बंद झालं,
दुकान उघडं राहिलं.

इंदुमतीबाई ताट वाढतात.
ते मान वर न करता म्हणतात,
"काले आवजो, बेन."
उद्या या, ताई. तुमचं घड्याळ अजून झालेलं नाही.
बायकोला बेन!
हे सांगताना बाई इतक्या हसल्या
की पाटणकरबाईंच्या तोंडून एक अख्खा शब्द निसटला,
"अगंबाई."
(पूर्ण गुण.)
मग इंदुमतीबाईंनी विचारलं,
"असलंही लिहून घेता का तुम्ही?"
घेतो. मी लिहिलं होतं:
दुसरी भाषा, उच्चार स्पष्ट, वाक्य पूर्ण, स्वर नम्र.

प्रयोग साधा आहे.
डोक्यावर चौसष्ट तारांची टोपी, थंडगार जेल,
कानात वाक्यं.
मी चहात साखर घातली.
मी चहात मोजे घातले.
मोजे ऐकल्यावर, चारशे मिलिसेकंदांच्या आसपास
पडद्यावरची रेघ उसळते.
मेंदू म्हणतो, हं?
एवढंच. आमचं सगळं अनुदान
त्या एका "हं?"साठी.

सतरा क्रमांकाला मराठी वाक्यं ऐकवली.
ओठ मिटलेले, नजर खिडकीतून बाहेर
सायकल स्टँडवरच्या कडुलिंबाकडे.
आणि रेघ: हं?
पुढचं वाक्य. हं?
म्हणजे घर बंद नव्हतं.
आतून कडी होती.

डॉक्टर सेजपाल म्हणाले, एका माणसावरून काही ठरत नसतं.
बरोबरच आहे.
पण चष्मा पुसून त्यांनी ती रेघ पुन्हा पाहिली.

शेवटी नियम मोडून मी बाईंना माइक दिला.
एक वाक्य तुमचं. कुठलंही.
त्या जरा थांबल्या, मग म्हणाल्या,
"गावाची घड्याळं लावणारा हा माणूस
एक दिवस वेळेवर जेवायला आला असेल तर शपथ."
पडद्यावर सगळ्या चौसष्ट रेघा एकदम वेड्या झाल्या.
खांदे हलत होते. ते हसत होते.
विश्लेषणात हा तुकडा टाकून द्यावा लागतो:
हसणं म्हणजे स्नायूंचा गोंगाट, मेंदूचा नव्हे.
मी टाकला.
वेगळ्या फोल्डरात टाकला.

मार्चमध्ये मेंदू सप्ताह. शाळेची मुलं
कागदी टोप्या घालून, कपाळावर निळा खंड, मानेमागे लाल,
काचेच्या बरणीपुढे रांग लावून.
"विश्वामित्रीतल्या मगरीचा केवढा असतो?"
सेजपाल सर "बघून सांगतो" म्हणाले आणि खरंच बघायला गेले.
घोरपड्यांना समाजभेटीच्या टेबलाशी बसवलं होतं.
त्यांनी कोणाला न विचारता
व्हरांड्यातलं बंद घड्याळ उतरवून घेतलं,
उजवा हात मांडीवर झोपलेला,
डाव्याने, दातांत स्क्रू धरून.
एक मुलगी बराच वेळ उभी होती.
तिलाही तेच, "काले आवजो, बेन."
ती दुसऱ्या दिवशी आली. शाळा बुडवून.

घरी काय चालतं ते बाई हल्ली न विचारता सांगतात.
रात्री ताट ठेवलं की ते म्हणतात ते म्हणतात.
"मीही गुजरातीच बोलते आता. सारू, काले आवीश."
बरं, उद्या येते.
आणि मग?
"मग काय, तिथंच बसते.
पोळी गार होते हो त्यांची."